विषुवाचे चाक : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑक्टोबर २०२५

५ जानेवारी २०२५

मामांच्या कोठ्यात जुन्या बंडीचे एक चाक कित्येक वर्षे भिंतीला टेकून उभे होते. घरी ट्रॅक्टर आल्यावर बंडी निकामी झाली, तिची लाकडे हळूहळू सरपणात गेली, जोडीचे दुसरे चाक कुणीतरी मागून नेले आणि हे एकटे मागे राहिले. आज ते अंगणात आणून धुतले आणि मोजले. लाकूड बाभळीचे आहे. परिघाचे सहा वक्र तुकडे, प्रत्येक तुकड्यात दोन याप्रमाणे बारा आरे, आणि बाहेरून लोखंडी पट्ट्याची धाव. धावेसह व्यास १२० सेंटिमीटर भरला, परिघाची जाडी ६ सेंटिमीटर.

या चाकाचे काय करायचे ते गेल्या पावसाळ्यापासून मनात आहे. वावरातल्या जुन्या खळ्याची जागा आता मोकळीच पडून असते, कारण मळणी यंत्राने बांधावरच होते. त्या जागेवर हे चाक अशा रीतीने बसवायचे की त्याचा आख आकाशातील उत्तर ध्रुवाकडे रोखलेला असेल. आमचे गाव वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. त्यामुळे आख क्षितिजापासून २१ अंश वर उचलावा लागेल आणि चाकाचे प्रतल पृथ्वीच्या विषुववृत्ताला समांतर होईल. मग वर्षातील सहा महिने सूर्य चाकाच्या उत्तरेकडील बाजूवर ऊन पाडेल आणि उरलेले सहा महिने दक्षिणेकडील बाजूवर. ज्या दिवशी तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो तो विषुवदिन.

ही कल्पना माझी नाही, आणि ते येथे आरंभीच नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारलेल्या उज्जैनच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्र आहे. त्याच्या दोन तबकड्यांपैकी उत्तरेची तबकडी उन्हाळा-पावसाळ्यात आणि दक्षिणेची हिवाळ्यात चालते. ते यंत्र मी पाहिले तेव्हा त्याची अचूकता मला तितकीशी भिडली नाही. भिडली ती एवढीच गोष्ट की एका वस्तूच्या दोन बाजूंना वर्ष अर्धे अर्धे वाटून दिलेले आहे. वावरात राबणाऱ्या माणसाला ती वाटणी दिसावी, त्याच्याच बंडीच्या चाकावर दिसावी, एवढा या प्रकल्पाचा हेतू आहे.

यंदाचा वसंत संपात, म्हणजे मार्चमधील विषुवाचा नेमका क्षण, २० मार्चला भारतीय वेळेनुसार दुपारी २ वाजून ३१ मिनिटांनी आहे. तो दिवसाउजेडी येतो आहे, हा योग फार चांगला. त्या मिनिटाला ऊन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर जाताना लोकांनी उभे राहून पाहावे, असा माझा आजचा विचार आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. मामींनी तिळगूळ देताना सहज म्हटले की आजपासून सूर्य उत्तरेला निघाला. प्रत्यक्षात तो २१ डिसेंबरलाच निघाला आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांडीसारखा सुमारे २६,००० वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ताऱ्यांच्या आधारे धरलेली संक्रांत आणि सूर्याचे खरे उत्तरायण यांत साधारण ७२ वर्षांना एक दिवस याप्रमाणे अंतर पडत गेले आणि आज ते २४ दिवसांवर आले आहे. हाच फरक विषुवदिनालाही लागू आहे. पंचांगातील मेष संक्रांत एप्रिलच्या मध्यावर येते, आणि दिवस-रात्र सारखे होण्याचा जो खरा काळ, त्याला आमच्याकडे ना सण आहे ना नैवेद्य. कोणत्याही विधीने आधीच न भरलेला असा दिवस मला कामासाठी मिळाला, याचे मोल मला मोठे वाटते.

२ फेब्रुवारी

आज दिशा निश्चित केल्या. होकायंत्र वापरले नाही, कारण चाकाची धाव लोखंडी आहे आणि खळ्याच्या कडेने तारेचे कुंपण आहे. सुई कशाकडे ओढली जाईल याचा भरवसा नव्हता. शुल्बसूत्रांपासून चालत आलेली शंकूची पद्धतच घेतली. जमीन सारवून सपाट केली, सरळ बांबू ओळंबा लावून उभा केला आणि त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ आखले. सकाळी सावलीचे टोक ज्या ठिकाणी वर्तुळाच्या आत शिरले तेथे एक खुंटी ठोकली आणि दुपारनंतर ते ज्या ठिकाणी बाहेर पडले तेथे दुसरी. दोन खुंट्यांमधील रेषा म्हणजे पूर्व-पश्चिम. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेला किंवा दक्षिणेला असलेले त्याचे कोनीय अंतर, सकाळ ते दुपार या वेळात थोडी सरकते, त्यामुळे या रेषेत किंचित चूक राहते. अयनदिनाच्या, म्हणजे सूर्य उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे परत वळतो त्या दिवसाच्या, आसपास ती नगण्य असते आणि विषुवदिनाजवळ सर्वांत जास्त. म्हणून हे काम मार्चपर्यंत न लांबवता आजच उरकले.

रेषेवर चुन्याची फक्की टाकली तेव्हा ती बांधाशी चांगलीच तिरपी असल्याचे दिसले. आमच्या वावराचे धुरे दिशांना धरून नाहीत, ते नाल्याला धरून आहेत. मामा बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिले. सूर्य आपल्या घरासमोरच उगवतो अशी त्यांची आजवरची समजूत होती.

९ फेब्रुवारी

चाक घेऊन सुतारकाकांकडे गेले. पूर्वी ते बंड्या बांधत असत. आता दारे-खिडक्या आणि क्वचित तिफणीची दुरुस्ती करतात. त्यांनी चाक आडवे ठेवून त्यावर दोरी ताणली आणि दाखवले की परिघ एका पातळीत नाही. एका ठिकाणी तो दोरीच्या वर येतो, दुसऱ्या ठिकाणी खाली जातो, आणि सर्वांत जास्त फरक ५ मिलिमीटरचा आहे.

घरी येऊन मी हिशेब केला. १२० सेंटिमीटरच्या व्यासावर ५ मिलिमीटरचा वाक म्हणजे सुमारे १४ कलांचा कोन (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). विषुवाच्या सुमारास सूर्याची क्रांती तासाला जवळजवळ एक कला बदलते. म्हणजे चाकाचा हा वाक काळात मोजला तर तो १४ तासांचा होतो. ज्या वस्तूच्या अंगातच १४ तासांची चूक आहे तिच्यावर मी २ वाजून ३१ मिनिटांचा क्षण दाखवायला निघाले होते.

मला पहिला उपाय सुचला तो रंध्याचा. दोन्ही बाजू तासून, पट्टी लावून परिघ एका पातळीत आणावा आणि जेथे कमी पडेल तेथे लाकडाची पातळ चीप चिकटवावी, असे मी काकांना सुचवले होते. त्यांनी रंधा हातात घेतलाच नाही. ते म्हणाले, "चाक सरळ नसतेच, ताई. सरळ असतं तं पयल्याच चाकोरीत मोडलं असतं. थोडं वाकून राह्यते म्हनून भार घेते." आरे तुंब्यातून, म्हणजे चाकाच्या मधल्या ठोकळ्यातून, अगदी सरळ न निघता एका बाजूला किंचित कलते बसवलेले असतात, बैलाच्या चालीने बंडी डावी-उजवीकडे झुकते तेव्हा बाजूने येणारा धक्का त्या कलामुळे झेलला जातो, आणि धाव तापवून चढवली की थंड होताना ती सगळे सांधे आवळून घेते, हे त्यांनी मला हाताने दाखवून समजावले. उरलेला वाक ओझ्याचा आणि वर्षांचा आहे. मामांच्या वडिलांनी या चाकावर कापूस आर्वीच्या बाजारात नेला होता.

चाक जसे आहे तसे परत आणले. त्याचे काय करायचे याचा निर्णय आज घेतला नाही.

१७ फेब्रुवारी

पायाचे खोदकाम. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते, तिच्यावर उभे केलेले काहीही जागचे हलते. म्हणून दोन्ही खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत नेण्याचे ठरले होते. पूर्वेकडील खड्ड्यात चार फुटांवर मुरूम लागला. पश्चिमेकडील खड्ड्यात साडेचार फुटांपर्यंत काळी मातीच येत राहिली, दिवस मावळायला आला, मजूर थकले, आणि मी तेथेच दगड-चुन्याचा भराव करून घेतला. हे मनाला पटलेले नाही, तरीही केले.

२७ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र झाली, त्यामुळे आकाशात चंद्र नाही. आख ध्रुवाकडे रोखण्यासाठी अशीच रात्र हवी होती. खांबांवर चाक चढवले, पण आख आत न घालता तुंब्याचे भोक मोकळे ठेवले आणि दक्षिणेकडून जमिनीवर जवळजवळ आडवे होऊन त्या भोकातून उत्तरेकडे पाहिले. २१ अंशांवरील ध्रुवतारा क्षितिजावरच्या धुरकट थरात फिका दिसतो. दोन पाचरी, एक पहार आणि दीड तासाच्या खटपटीनंतर तो भोकाच्या मध्यावर आला. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर असतो, म्हणून नुसता तो मध्यावर आणून भागत नाही. तो बिंदूच्या कोणत्या बाजूला आहे हे घड्याळ आणि तारानकाशा यांवरून ठरवून तेवढी दुरुस्ती केली.

हे चालू असताना पलीकडच्या वावरात बॅटरीचा उजेड फिरत होता. या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असे चालते. गव्हाला शेवटचे पाणी सुरू होते. पाणी देणारे काका आमच्याकडे येऊन थोडा वेळ बसले आणि काय चालले आहे ते त्यांनी नीट ऐकून घेतले. दिवस आणि रात्र सारखी होणार हे ऐकल्यावर ते म्हणाले, "सारखी होत असन. पण ज्या हप्त्यात रातची लाइन राह्यते, त्या हप्त्यात आमची रात लय मोठी." एवढे बोलून ते दांड फोडायला परत गेले.

मी त्यांचे वाक्य वहीत उतरवून घेतले. मी ज्या समतेचे यंत्र उभारते आहे ती आकाशातील आहे, हे मला माहीत होते. ती कोणाच्या जागरणाने मोजली जाते हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता.

६ मार्च

चाक आता आखासह पक्के बसले आहे. तुंब्याची उंची जमिनीपासून ९० सेंटिमीटर, वरचा परिघ दक्षिणेकडे झुकलेला. आज दुपारी सावलीचे माप घेतले. जमिनीवर पूर्व-पश्चिम पसरलेला, १२० सेंटिमीटर लांब आणि वीतभरही रुंद नसलेला लंबगोल पडतो. त्यात आऱ्यांच्या सावल्या दाटीने एकमेकींवर येतात आणि मध्ये तुंब्याची जाड गाठ दिसते. दक्षिणेकडील आऱ्यांवर तिरपे ऊन आहे आणि उत्तरेची बाजू पूर्ण सावलीत आहे. मामींनी आज या बाजूंना नावे दिली. २३ सप्टेंबरपासून २० मार्चपर्यंत उन्हात असणारी दक्षिणेची बाजू रब्बीची, आणि मार्चपासून सप्टेंबरपर्यंत उन्हात असणारी उत्तरेची बाजू खरिपाची. यापुढे नोंदींत हीच नावे वापरीन, कारण पेरणीपासून काढणीपर्यंतचे सगळे त्यांत येते.

सूर्याला धरून केलेल्या आधुनिक कलाकृतींबद्दल येथे थोडे लिहिले पाहिजे, कारण माझे काम त्यांच्यापासून कोठे वेगळे पडते हे मला आज प्रथम स्पष्ट झाले. नॅन्सी होल्ट यांनी १९७३ ते १९७६ या काळात अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात काँक्रीटचे चार मोठे नळ मांडले. अयनदिनांना उगवता आणि मावळता सूर्य त्या नळांच्या तोंडात नेमका येतो. रॉबर्ट मॉरिस यांनी १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये मातीच्या बांधांची एक वेधशाळा रचली आणि १९७७ मध्ये ती फ्लेव्होलँड येथे पुन्हा उभारली. तिच्यातील एका फटीतून विषुवदिनाचा सूर्योदय दिसतो. या दोन्ही कामांविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांत पाहणारा माणूस एका ठरलेल्या जागी उभा राहतो आणि सूर्य त्याच्यासमोर ठरलेल्या जागी येतो; माणूस, फट आणि सूर्य एका रेषेत आले की काम पूर्ण होते. मोकळ्या वाळवंटात ते शोभते. माझे चाक मात्र आधी कोणाचे तरी होते, त्याने ओझे वाहिले आहे, आणि त्याच्या लाकडात जो वाक आहे तो त्या ओझ्याने आलेला आहे. तो तासून काढला तर माझ्याकडे एक बरे यंत्र उरेल, परंतु ज्याच्यासाठी मी हे चाक निवडले तेच निघून जाईल. म्हणून चाक तासणार नाही. प्रत्येक तुकड्यावर ऊन कोणत्या बाजूने आणि किती वाजता पडते, याची नोंद घ्यायची. चाकाचा वाक त्या नोंदीत उमटेल.

याच विचारात दुसरा एक हिशेब पुन्हा मांडला. सूर्य हा बिंदू नाही. त्याचे बिंब ३२ कला रुंद आहे. तासाला एक कला या गतीने ते चाकाच्या प्रतलातून आरपार जायला सुमारे ३२ तास लागतात. यंदा ते १९ मार्चच्या रात्री सव्वादहाच्या सुमारास प्रतलाला टेकेल आणि २१ मार्चच्या सकाळी पावणेसातच्या सुमारास पूर्णपणे पलीकडे जाईल. २ वाजून ३१ मिनिटे ही केवळ बिंबाच्या मध्यबिंदूची वेळ आहे. म्हणजे २० मार्चचा संपूर्ण दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, बिंबाचा काही भाग खरिपाच्या बाजूला आणि काही भाग रब्बीच्या बाजूला असणार आहे. लोकांना दुपारी अडीचला बोलावण्याचा बेत रद्द केला. दिवसभरात ज्याला जेव्हा सवड होईल तेव्हा त्याने यावे.

१४ मार्च

धुळवड. मुलांनी पळसाची फुले उकळून रंग केला होता, त्याचे शिंतोडे चाकावरही उडाले, पुसले नाहीत.

आज आमच्या अक्षांशावर सूर्योदय सकाळी ६ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास आणि सूर्यास्त सायंकाळी ६ वाजून २६ मिनिटांच्या सुमारास आहे. दिवस आणि रात्र बारा-बारा तासांची होते ती आजच, संपाताच्या जवळजवळ सहा दिवस आधी. त्याचे कारण असे की सूर्योदय बिंबाची वरची कड दिसताच धरला जातो, आणि वातावरणातून येताना किरण वाकत असल्याने सूर्य क्षितिजाखाली असतानाच आपल्याला दिसू लागतो. या दोन गोष्टींमुळे २० मार्चचा दिवस येथे बारा तासांहून सुमारे सात मिनिटे मोठा असतो. घटी-पळांच्या भाषेत (एक घटी २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे), तीस घटींचा म्हटलेला दिवस तीस घटी आणि सतरा-अठरा पळांचा भरतो.

हे मला गावाच्या जुन्या मापाने मोजून पाहायचे होते. गावातील गुरुजींकडे लग्नाच्या मुहूर्तासाठी वापरले जाणारे तांब्याचे घटिकापात्र आहे. बुडाला बारीक भोक असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. ती भरून बुडाली की एक घटी, म्हणजे २४ मिनिटे, झाली. गुरुजींनी ते विश्वासाने दिले. उगवतीपासून मावळतीपर्यंत आम्ही पाळीपाळीने बसलो. वाटी एकतीस वेळा बुडाली आणि बत्तिसाव्या वेळी तरंगत असताना सूर्य मावळला. वाटी सकाळी जेवढा वेळ घेत होती त्यापेक्षा दुपारी कमी घेत होती, हे माझ्या घड्याळावरून दिसले. घंगाळ उन्हात होते. पाणी तापले की पातळ होते आणि भोकातून लवकर आत येते. लग्नात घंगाळ माजघरात का ठेवत असत, याचे उत्तर गुरुजींनी आम्ही न विचारताच दिले.

आज मध्यान्हीच्या सावलीत आणखी एक गोष्ट घडली. लंबगोलातील उजेडाची फट गेले काही दिवस अरुंद होत चालली होती, ती आज मिटली. वरच्या परिघाची सावली आणि खालच्या परिघाची सावली एकमेकींना भिडल्या. जमिनीवर आता चाक दिसत नाही. एक आडवा पट्टा आणि त्यात तुंब्याची गाठ, एवढेच उरले आहे.

१९ मार्च

ओळंबा, पाचरी आणि आखाचा कोन पुन्हा तपासला. पट्टा आणखी अरुंद झाला आहे.

२० मार्च

पहाटे साडेपाचला खळ्यावर पोचले. सुतारकाका माझ्या आधी येऊन बसले होते.

सूर्य सहा-एकवीसच्या सुमारास बाभळीच्या रांगेमागे उगवला आणि खळ्यावर ऊन आले तेव्हा पावणेसात झाले होते. चाकाच्या सावलीचा पट्टा पश्चिमेकडे पसरत थेट बांधावर चढला होता, आणि फेब्रुवारीत चुन्याने आखलेली पूर्व-पश्चिम दिशा त्याने हुबेहूब धरली होती. एरवी सावली सरकते ती वाकडी वाट धरते. आजच्या दिवशी ती सकाळपासून सायंकाळपर्यंत एकाच सरळ रेषेवरून चालते. हे मला पुस्तकातून माहीत होते, पण बांधावर चढलेला तो काळा पट्टा तासातासाला आखडत आपल्याच रेषेवरून खळ्यात परत येताना पाहिला तेव्हा मी बराच वेळ वही उघडली नाही.

गावातील माणसे कामे उरकून येत गेली. हरभऱ्याची काढणी चालू असल्याने बायका सकाळीच येऊन, पाहून वावरात गेल्या. शाळेतील मुले साडेदहाला शिक्षकांबरोबर आली. मुलांनी पट्ट्याची रुंदी मोजली. मध्यान्ही ती साडेसहा सेंटिमीटर भरली, म्हणजे परिघाच्या जाडीपेक्षा किंचित अधिक, कारण पट्टा जमिनीवर थोडा तिरपा पडतो. मध्यान्ह आमच्याकडे आज घड्याळात १२ वाजून २४ मिनिटांनंतर आली. एका मुलीने विचारले की बारा वाजता सूर्य डोक्यावर का आला नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि आपण तिच्या सव्वाचार अंश पश्चिमेला आहोत, त्यामुळे सतरा मिनिटे जातात. शिवाय मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या सात-साडेसात मिनिटे मागे चालतो. "म्हंजे आपला टाइम घड्याळात नाहीच," असे ती म्हणाली, आणि ते बरोबर आहे.

चाकावरील नोंद अशी आहे. परिघाच्या वरच्या अर्ध्या भागातील तुकड्यांवर मी आणि काका दर अर्ध्या तासाने पाहत होतो. सर्वांत जास्त वाकलेला तुकडा सकाळपासून सायंकाळपर्यंत रब्बीच्याच बाजूने उजळ राहिला. त्याच्या शेजारच्या तुकड्यावर पहिल्या उन्हापासूनच खरिपाच्या बाजूने बारीक, रेशमासारखी तिरीप होती आणि ती संध्याकाळी थोडी रुंद झाली. बाजू बदलली ती फक्त एका तुकड्याने. दुपारी एकच्या सुमारास त्याच्या दक्षिणेकडील कडेवरचे ऊन विरळ होऊ लागले, काही काळ दोन्ही कडा सारख्याच फिक्या होत्या, आणि चारच्या सुमारास उत्तरेकडील लाकडाच्या रेषा उठून दिसू लागल्या. त्या तीन तासांत कोणत्या मिनिटाला अदलाबदल झाली हे आम्हा दोघांपैकी कोणालाही सांगता आले नसते. आरे दोन्ही बाजूंनी परिघाच्या सावलीत होते. तुंबा दोन्हीकडून बाहेर आलेला असल्याने दिवसभर उन्हात राहिला.

२ वाजून ३१ मिनिटांना खळ्यावर सात-आठ माणसे होती. मी वेळ सांगितली. सगळे काही क्षण शांत उभे राहिले. डोळ्यांना काहीही बदललेले दिसले नाही. मामांनी विचारले, "झालं?" मी म्हणाले, की काल रात्रीपासून होत आहे आणि उद्या सकाळपर्यंत होत राहील. त्यांनी मान डोलावली आणि सूर्यास्तापर्यंत ते तेथून हलले नाहीत.

रात्रपाळीचे काका आज दिवसा आले. या आठवड्यात वीज दिवसाची आहे, पण त्यांचा गहू आता पिवळा पडला आहे, त्याला पाणी लागत नाही. त्यांनी दोन्ही बाजूंवर तळहात ठेवून पाहिले आणि सांगितले की दोन्हीकडे लाकूड सारखेच कोमट आहे. माझ्या कोणत्याही मोजणीत हे आले नव्हते. ते नोंदीत घेते आहे.

२१ मार्च

सकाळी ऊन आले तेव्हा रब्बीच्या बाजूने उजळ राहिलेला तो वाकलेला तुकडाही फिका पडला होता. दुपारपर्यंत त्याने बाजू बदलली. चाकाचे विषुव काल सुरू झाले आणि आज संपले, असे म्हणणे मला योग्य वाटते.

३० मार्च

गुढीपाडवा. भारताच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत चैत्र १, शके १९४७ हा दिवस २२ मार्चलाच येऊन गेला. १९५७ मध्ये स्वीकारलेली ती दिनदर्शिका विषुवदिन २१ मार्चचा धरून त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्षाचा आरंभ करते. सरकारी कागदावर ही तारीख छापलेली असते, पण गावात ती कोणी धरत नाही. खरिपाच्या बाजूचे आरे आता उन्हात आले आहेत. सावलीतील फट चार-पाच दिवसांपूर्वीच पुन्हा उघडली.

२५ मे

तापमानामुळे दुपारी खळ्यावर उभे राहवत नाही. या दोन दिवसांत मध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि बांबूच्या शंकूला सावली राहत नाही. जमिनीला हात आत जाईल इतक्या भेगा पडल्या आहेत. त्यांतील एक पश्चिमेकडील खांबाच्या बुंध्याशी जाऊन थांबली आहे.

२४ ऑगस्ट

जुलैच्या पावसाने भेगा मिटल्या आणि माती फुगली. आज ओळंबा लावला तर पश्चिमेचा खांब मीटरला ४ मिलिमीटर कलला आहे. फेब्रुवारीत त्या खड्ड्यात मुरुमापर्यंत न जाता मी काम थांबवले होते, त्याचाच हा परिणाम आहे. हा कलही हिशेबात १४ कलांच्या आसपास येतो, परंतु चाकाच्या वाकाशी मी त्याची बरोबरी करणार नाही. तो वाक चाकाने वाहिलेल्या ओझ्याचा आहे. हा कल माझ्या घाईचा आहे. सुतारकाकांनी बाभळीची पाचर घडवून दिली आणि खांब सरळ केला. दिवाळीनंतर जमीन वाळली की तो खड्डा पुन्हा खोदून मुरुमापर्यंत नेणार.

पोळा नुकताच झाला. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल घेऊन येथे आली आणि त्यांनी ते चाकाखाली ओळीने उभे केले.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. संपात आज रात्री ११ वाजून ४९ मिनिटांनी आहे, त्यामुळे बिंब आज सकाळी साडेसातनंतर प्रतलाला टेकले आणि उद्या दुपारी चारच्या सुमारास पलीकडे जाईल. या वेळी विषुव दोन दिवसांत वाटले गेले आहे आणि त्याचा मध्य रात्रीत आहे. मार्चमध्ये मला जो क्षण दाखवायचा होता तो या खेपेला कोणालाही दाखवता आला नसता.

सकाळपासून ढग. मध्यान्ह आज १२ वाजून १० मिनिटांना होती, मार्चपेक्षा जवळजवळ पंधरा मिनिटे आधी, पण सावली नसल्याने ती मोजता आली नाही.

२३ सप्टेंबर

दुपारी दोन-चाळीसच्या सुमारास अकरा मिनिटे ऊन पडले. पट्टा सरळ होता. पावसाने लाकूड फुगले असल्याने तुकड्यांचा क्रम मार्चसारखा राहिला नाही. तेव्हा सर्वांत शेवटी बाजू बदलणारा तुकडा या वेळी इतरांबरोबरच फिका होता. सुतारकाकांच्या मते हिवाळ्यात तो पुन्हा पूर्ववत होईल.

२ ऑक्टोबर

दसरा. मामांनी अवजारांबरोबर चाकाचीही पूजा केली आणि त्याला झेंडूचे तोरण बांधले. सोयाबीनची कापणी सुरू आहे, हरभऱ्याचे बियाणे घरात येऊन पडले आहे. रब्बीच्या बाजूवर ऊन आहे. १२ वाजून ७ मिनिटांनी तोरण थोडा वेळ उतरवून ठेवले आणि सावली मोजली. तुंब्याच्या गाठीच्या दोन्ही बाजूंना फट उघडली आहे. रुंदी दोन सेंटिमीटर.